हिरवं बाहेरच राहिलं

१

राहू गावच्या अनसाबाईला गुरुवारी सकाळी सुनेनं उचलून जीपमध्ये घातलं, तेव्हा म्हातारीचे डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. आधी दोन दिवस ताप, मग उलट्या, आणि आता हे. जीप दौंडला पोचायच्या आत गावात निकालही लागला होता, की सुनेनं सासूला विष घातलं. दवाखान्यात निदानाला वेळ लागतो. शेजारीपाजारी ते तासाभरात करून मोकळे होतात, आणि त्याची फीसुद्धा घेत नाहीत.

ही २००६ सालची गोष्ट. त्याच सकाळी नऊ वाजता सणसवाडीतल्या एका प्रयोगशाळेत शाहिस्ता मोमीनच्या टेबलावरचा फोन वाजला. शाहिस्ता तळेगाव ढमढेऱ्याची, चाळिशीला आलेली, बोलायला फटकळ आणि कामात इतकी काटेकोर की तिच्या खोलीत शिंकायचीही लोकांना भीती वाटे. फोनवर तिचा मावसभाऊ आतिफ होता. तो दौंडच्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टर होता.

"आपा, एक पेशंट हातातून चाललीय. ब्लडप्रेशर सत्तरच्या वर येईना. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या गेल्या, उपयोग शून्य. पोट धुतलं. कीटकनाशकाचा वास नाही, तशी लक्षणंही नाहीत."

"मग मला कशाला फोन? मी बशीत पेशी वाढवणारी बाई."

"म्हणूनच. ही तीन वर्षं गुडघ्यांसाठी एक गावठी पुडी घेतेय. मला शंका आहे, त्या पुडीत कुणीतरी स्टिरॉइड मिसळतंय. तसं असेल तर माझ्याकडे एक इंजेक्शन आहे, त्यानं ती उठेल. पण तसं नसेल आणि अंगात कुठं जंतू दडलेले असतील, तर त्याच इंजेक्शननं ते मोकाट सुटतील. चुकलो तर मीच मारली म्हणायचं. ती संध्याकाळ बघेल असं मला वाटत नाही, आपा. पुडी आणि तिचं रक्त पाठवलंय. रक्त आल्या आल्या काढलं, कुठलंही औषध द्यायच्या आधी."

"कोण आणतंय?"

"पोलीस," आतिफ म्हणाला. "सुनेला धरायच्या बेतात आहेत."

२

फौजदार बबनराव साडेअकराला थर्मास घेऊन जिना चढून आले. जाडजूड माणूस, मिशा पिकलेल्या, बोलणं हळू. दोन्ही नमुने शाहिस्ताच्या हातात देऊन ते तिथंच स्टुलावर ठाण मांडून बसले. पुरावा आहे, नजरेआड करणार नाही म्हणाले.

या खोलीत गेली सहा वर्षं एकच काम चाले. परदेशी निघालेल्या जडीबुटीच्या पावडरींत कुणी गुपचूप स्टिरॉइड घातलंय का, ते शोधायचं. शाहिस्तानं काचेच्या तीन बश्या घेतल्या. एकीत ओळखीचं स्टिरॉइड टाकलं, म्हणजे पेशी ठीक आहेत की नाहीत ते कळावं. दुसरीत पुडी विरघळवून टाकली, तिसरीत अनसाबाईच्या रक्तातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर पाणीदार भाग.

"ह्या बाटलीत बी सीरमच हाय की," फ्रीजमधल्या बाटलीकडे बोट दाखवून बबनराव म्हणाले.

"ते पेशींचं खाणं. पण ते कोळशातून गाळून घ्यावं लागतं. साधं घातलं तर सगळं हिरवं आधीच आत जाऊन बसतं, मग नमुन्याचं काय कळणार?"

"हिरवं म्हंजी?"

तिनं त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बबनरावांनी एक डोळा मिटला. "हिरवे फुगे दिसत्यात. परत्येकाच्या मधी काळं भोक."

"ते भोक म्हणजे पेशीचं केंद्रक. पेशीचा कारभार तिथून चालतो. हिरवं आहे ते एक प्रथिन. आम्ही त्याला चमक जोडलीय, म्हणजे कुठं आहे ते दिसावं. एरवी ते भोकाच्या बाहेर नुसतं बसून असतं. स्टिरॉइड येऊन त्याला चिकटलं की ते उठतं आणि आत जातं. आत गेलं की हुकूम सोडायला लागतं. हे बनवा, ते बंद करा."

"आन् बाहेर असतं तवा?"

"तेव्हा काही नाही. साहेब, तुम्ही घरी बनियनवर बसून वरण-भात खाता, तेव्हा कुणाला अटक करता का? ठाण्यात खुर्चीवर बसलात की हुकूम सुटतो. माणूस तोच. फरक पडतो तो बसण्याच्या जागेनं."

बबनराव हसले नाहीत, पण त्यांना समजलं असावं. अर्ध्या तासानं त्यांनी स्वतःच स्टूल पुढं ओढलं.

पहिल्या बशीत प्रत्येक काळं भोक हिरव्यानं भरून गेलं होतं. पेशी शाबूत होत्या. दुसऱ्या बशीत पुडी होती. तिथं हिरवं बाहेरच होतं, भोकं काळीच. तिसऱ्या बशीत अनसाबाईचं रक्त. तिथंही हिरवं बाहेरच.

शाहिस्तानं सवयीनं फोन उचलला. "आतिफ, दोन्ही स्वच्छ. कुठंच हललं नाही."

"मग इंजेक्शन देत नाही," आतिफ म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तिनं कागदावर 'स्टिरॉइड आढळले नाही' असं लिहून सही ठोकली. बबनरावांनी तो नीट घडी करून खिशात घातला. "म्हंजी पुडीवाला सुटला. ऱ्हायली सून."

"माझ्या पेशी फक्त स्टिरॉइड ओळखतात. दुसरं विष असलं तर त्यांना कळायचं नाही."

"त्येच म्हनतोय मी. दुसरंच कायतरी हाय, आन् घालनारा हात घरातलाच. म्हातारीच्या दंडावर काळंनिळं हाय, डॉक्टरनं बी बघितलं. आन् शेजारीन सांगती, म्हातारी भांडत व्हती, पुडीची चव बदलली म्हनून."

शाहिस्ता हातमोजे काढता काढता थांबली. "चव बदलली?"

"तीन आठवड्यांपासनं."

चव बदलली म्हणजे पुडी बदलली. आणि तिच्या पेशी तर सांगत होत्या, पुडीत काहीच नाही. दोन्ही खरं असेल तर मधे काहीतरी सुटत होतं, आणि शाहिस्ताला सुटलेलं काही सहन होत नसे. तिनं पर्स घेतली.

"मला राहूला न्या," ती म्हणाली. "आत्ता."

३

भीमेवरचा पूल ओलांडून जीप राहूत शिरली तेव्हा दीड वाजून गेला होता. अनसाबाईचं घर शेवंतीच्या मळ्याला लागून होतं. मुलगा माऊली ट्रक घेऊन नागपूरकडे गेलेला, निरोप पोचला होता पण माणूस वाटेत होता. सून करिश्मा म्हातारीला दवाखान्यात पोचवून आली होती, का तिला आणून बसवली होती, कोण जाणे. अंगणात एक कॉन्स्टेबल खुर्ची टाकून बसला होता आणि ती भिंतीशी जमिनीवर. पंचविशीची असेल. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नसावा, ओठ पार सुकले होते.

शेजारची रतनबाई न बोलावता आली.

"म्या ह्या कानांनी ऐकलं. म्हातारी म्हनत व्हती, पुडीत काय घातलंस गं, चव बदलली. आन् हातावरचं ते काळंनिळं! सून मारीत असल्याबिगर उठतंय का?"

"मारताना पाहिलंत?" शाहिस्तानं विचारलं.

"बघाया कशाला पायजे?"

"बरोबर. तुम्हाला न बघता दिसतं. मलाच मेलीला भिंग लागतं." शाहिस्ता तिच्याकडे पाठ करून करिश्मासमोर उकिडवी बसली. "तू सांग. ते डाग कशाचे?"

करिश्मानं आधी कॉन्स्टेबलकडे पाहिलं. "मी कवा हात उचलला न्हाई, ताई. आत्याबाईंचं कातडंच कागदासारखं झालंया. परातीची कड लागली तरी नीळ उठती. दीड-दोन वर्सं झाली."

"आणि चव?"

"ती बदलली, हे खरंच हाय. आधी पुडी लई कडू. आत्याबाई तोंड वाकडं करायच्या आन् वर गुळाचा खडा मागायच्या. आता तीन बाजार झालं, म्हनायच्या, ही नुसती सुंठीवानी लागती, तूच कायतरी केलंस. मी काय करनार? तळेगावच्या बाजारातनं हौशीराम आप्पा देत्यात तीच पुडी, त्याच फडक्यातनं. गुडघं बी परत सुजलं. मी दोन-दोन दिल्या, तरी गुन न्हाई. लई थकल्या. मग ताप आला, आन् चार दिवसांत हे."

ओसरीच्या भिंतीवर दोन फोटो होते. एक माऊलीच्या लग्नातला, चार वर्षांपूर्वीचा. त्यात अनसाबाई काटकुळी, गालाची हाडं वर आलेली. दुसरा गेल्या दिवाळीतला. तीच बाई, पण तोंड ताटासारखं गोल आणि भरलेलं.

"पुडीनं तब्येत काय सुधारली व्हती," रतनबाई मागून म्हणाली. "हिच्या डोळ्यांत खुपली."

तेवढ्यात बबनरावांचा मोबाइल वाजला. ते दूर जाऊन बोलले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "डॉक्टर व्हता. ब्लडप्रेशर साठावर आलंय. तासाभराचं सांगतोय." ते करिश्माकडे वळले. "पुडीत काय न्हाई असं ह्या ताईंनी कागदावर लिवून दिलंय. ऊठ. जीपमधी बस."

करिश्मा उठली. रडली नाही. शाहिस्ताजवळून जाताना ती थांबली.

"ताई, तुम्ही कागदावर लिवलं म्हनून मला नेत्यात ना? माझं ऱ्हाऊ द्या. आत्याबाईंना काय झालंया तेवढं तरी शोधा. रक्तात बी काय निघालं न्हाई?"

"नाही," शाहिस्ता म्हणाली. "काहीच निघालं नाही."

४

आणि ते बोलताच तिला स्वतःचेच शब्द खटकले.

काहीच नाही? रक्तात? सहा वर्षं ती पावडरी तपासत आली. हिरवं आत गेलं तर माल वाईट, बाहेर राहिलं तर माल स्वच्छ. हात इतका बसला होता की आज बशीत पावडर नाही, माणसाचं रक्त आहे, हे तिला माहीत असूनही कळलं नव्हतं. पेशींच्या खाण्याचं सीरम ती रोज कोळशातून गाळून घेत होती. का? कारण कुठल्याही धडधाकट जिवाच्या रक्तात तसलाच एक रस असतो. शरीर तो स्वतः बनवतं, रोज. तो प्रथिनाला आत ओढतोच. म्हणून तर तो गाळून काढायचा. आणि आजारपणात तर शरीर तो कितीतरी पट जास्त सोडतं, माणसाला उभं ठेवायला.

अनसाबाईचं रक्त कुणी गाळलं नव्हतं. त्या तिसऱ्या बशीत सगळं हिरवं आत जायला हवं होतं. आणि ते बाहेर बसून होतं.

"साहेब, फोन द्या," ती म्हणाली. बबनराव जागचे हलेनात, तेव्हा तिनं त्यांच्या हातातून तो जवळजवळ हिसकावलाच. "आतिफ! ते इंजेक्शन दे. आत्ता दे."

"तूच तर सांगितलंस स्वच्छ म्हणून."

"मी चुकले. पुडी स्वच्छ आहे, पण रक्त स्वच्छ असायला नको होतं. कच्चं सीरम टाकलं आणि हललं नाही, आतिफ. मरायला टेकलेल्या बाईचं रक्त, आणि हललं नाही. तिच्या अंगात स्वतःचा थेंबही बनत नाहीये."

आतिफ कुणावर तरी ओरडला आणि फोन बंद झाला.

अंगणात सगळे तिच्याकडे बघत होते. शाहिस्ता पायरीवर बसली.

"साहेब, आपण सगळे एकच शोधत होतो, हिला काय घातलं ते. हिला काही घातलेलंच नाही. जे रोज घातलं जात होतं ते बंद झालं." तिनं फोटोकडे हात केला. "तीन वर्षं पुडीत स्टिरॉइड होतं. त्यानं गुडघे राहिले, तोंड गोल झालं, कातडी कागदासारखी झाली. ते डाग माराचे नाहीत, त्या पुडीचे आहेत. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर शरीरानं स्वतःचं बनवायचं सोडून दिलं. मग तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी एका फटक्यात बाहेरचं बंद केलं. गुडघे परत सुजले. शरीर कसंबसं तग धरून होतं, तोवर ताप आला. तापाशी झुंजायला अंगात काही शिल्लकच नव्हतं. आतिफचं इंजेक्शन म्हणजे तेच स्टिरॉइड, बाहेरून परत दिलेलं."

"आन् चव?" बबनराव म्हणाले.

"स्टिरॉइडच्या गोळ्या भयंकर कडू असतात. पुडीची चव बदलली ती काही घातल्यानं नाही, काढल्यानं." ती करिश्माकडे वळली. "जुनी एखादी पुडी राहिलीय का? कडूवाली?"

करिश्मा आत धावली. नणंदेसाठी म्हणून आत्याबाईंनी दिवाळीत एक पुडी फडताळात ठेवली होती, नणंद आलीच नव्हती. शाहिस्तानं दोन्ही पुड्यांतली कणभर भुकटी जिभेच्या टोकावर घेऊन पाहिली. नवी सुंठीसारखी लागली. जुनी लागताच तिचा चेहरा आपोआप आक्रसला. बबनरावांनीही बोट बुडवलं आणि अंगणात जाऊन थुंकले.

मग त्यांनी खिशातला घडी केलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. ती काही बोलायच्या आत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. चूक कागदाची झाली, तशी माझी बी झाली." त्यांनी कॉन्स्टेबलला हाक मारली. "हिला घिऊन दौंडला जा. तिथं आरोपी म्हनून बसवायचं का नातेवाईक म्हनून, ते डॉक्टरचा फोन आल्यावर सांगतो."

रतनबाई तेवढ्यात कुठं गेली ते कुणाला दिसलं नाही.

५

तळेगावला हौशीराम आप्पांच्या घरापर्यंत जीप जाईस्तोवर फोन वाजला नाही. शाहिस्ता सारखी बबनरावांच्या खिशाकडे बघत होती. इंजेक्शननं फरक पडायचा तर एवढ्यात पडायला हवा होता. आतिफची भीती खरी असली, अंगात जंतू असले, तर आत्ता तिकडे काय चाललं असेल, हे मनात आणायचं तिनं टाळलं.

हौशीराम साठीचा, स्वच्छ धोतर-टोपीतला, मऊ बोलणारा माणूस. ओसरीवर तो खलबत्त्यात सुंठ कुटत होता. आत खाटेवर त्याची बायको गिताबाई पाय बांधून पडली होती. पोलीस बघून त्याचा हात थांबला, पण तो दचकला नाही.

"अनसाबाई मरायला लागलीय," शाहिस्ता म्हणाली.

"माझ्या पुडीत कायबी न्हाई. तपासा."

"तपासली. काही नाही. मला ते तीन आठवड्यांपूर्वीचं सांगा. काय झालं तीन आठवड्यांपूर्वी?"

म्हातारा पुन्हा सुंठ कुटायला लागला. खाटेवरून गिताबाईच बोलली. "सांगा की. कवर गिळून बसनार?"

तेव्हा तो बोलला. गोळ्या तो एका औषधवाल्याकडून डबा भरून आणत असे आणि सुंठीबरोबर कुटत असे. लोकांना गुण येई, लोक पाया पडत. त्याला स्वतःलाही खरंच वाटायला लागलं होतं की हाताला यश आहे. गिताबाईला तो तीच पुडी द्यायचा. एक दिवस ती उंबऱ्यावर नुसती अडखळली आणि खुब्याचं हाड मोडलं. शिरूरच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि विचारलं, बाई कसल्या गोळ्या खाते, हाडं पोकळ झालीत.

"त्याच दिशी डबा नेऊन नदीत पालथा केला," हौशीराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पुन्हा शिवलो न्हाई. नुसती सुंठ, हळद आन् अश्वगंधा. शपथ घिऊन सांगतो. पाप बंद केलं, तर तुम्ही मला धराया आला?"

शाहिस्ता खाटेजवळ गेली. उशाशी गोळ्यांचं एक पाकीट होतं. तिनं ते उचलून वाचलं आणि जागीच उभी राहिली.

"ही त्याच जातीची गोळी आहे. तुमच्या बायकोची बंद नाही झाली?"

"डॉक्टर म्हनलं, हिची एकदम बंद करायची न्हाई," गिताबाई म्हणाली. "रोज थोडी थोडी कमी. एकदम सोडली तर जीव जाईल."

बबनरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," शाहिस्ता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. "घरातल्या बाईची हळूहळू कमी केलीत. बाजारातल्यांची एका दिवसात तोडलीत."

"त्यास्नी काय सांगू? हळूहळू कमी करा म्हनलं असतं, तर त्यांनी इचारलं असतं, काय कमी करायचं? आत गोळी हाय हे सांगावं लागलं असतं. तीस वर्सांचं नाव हाय माझं."

"आप्पा, मी तुम्हाला पाप बंद केलं म्हणून धरायला आलेली नाही. ते तुम्ही गुपचूप बंद केलंत. त्यानं ती बाई मरतेय, आणि तिच्या सुनेला जीपमध्ये घालत होते."

बबनरावांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावलाच नाही, तसाच शाहिस्ताकडे दिला.

"पंच्याण्णव," आतिफ म्हणाला. तो हसत होता की रडत होता ते तिला कळेना. "पंच्याण्णव, आपा, आणि चढतंय. इकडेतिकडे बघतेय. पाणी मागितलं."

शाहिस्तानं फोन परत दिला आणि ओसरीच्या खांबाला टेकून डोळे पुसले. मग ती म्हाताऱ्याकडे वळली. "अशा पुड्या किती जण घेतात?"

हौशीरामनं बोटं उघडली, मिटली, परत उघडली. राहू, विठ्ठलवाडी, न्हावरे, शिक्रापूर. गावं सांगता आली, पण त्याला माणसांची नावं येत नव्हती, तोंडं आठवत होती.

"उद्या बाजार हाय," बबनराव म्हणाले. "तोंडं आपल्या पायांनी येतील."

६

दुसऱ्या दिवशी तळेगावच्या बाजारात हौशीराम नेहमीच्या जागी बसला नाही. बबनरावांनी एक हातगाडी रिकामी करून घेतली होती आणि कांदेवाल्याचा भोंगा मागून आणला होता. म्हातारा गाडीवर चढला. पहिल्यांदा त्यानं सांगितलं ते कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा लोक हसले.

"आप्पा, थट्टा पुरे. दोन पुड्या बांधा," एक पटकेवाला म्हणाला.

"न्हाई बांधत," हौशीराम म्हणाला. "आत गोळी व्हती. म्या घालत व्हतो. आता न्हाई, म्हनून तुमच्या जिवाला धोका हाय. अंगात कसर असंल, उलटी असंल, चक्कर असंल, तर आजच्या आज दवाखान्यात जा आन् हौशीरामची पुडी खात व्हतो म्हनून सांगा. माझं नाव सांगा."

तेव्हा हसू थांबलं. कुणी शिव्या घातल्या, कुणी टोमॅटो फेकला, तो त्याच्या धोतरावर फुटला. म्हाताऱ्यानं तो पुसला नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. गर्दीतून एक बाई पुढं आली. तिची आई परवापासून अंथरुणाला खिळलेली होती, पोटात काही ठरत नव्हतं. बबनरावांनी तिला विचारत बसण्याऐवजी सरळ जीपमध्ये बसवलं. दुपारपर्यंत जीपच्या तीन खेपा झाल्या. हौशीरामचा आवाज बसला तरी त्यांनी त्याला खाली उतरू दिलं नाही, आणि तोही उतरतो म्हणाला नाही. संध्याकाळी ते त्याला घेऊन ठाण्यात गेले.

रविवारी शाहिस्ता दौंडला गेली. अनसाबाई उशीला टेकून बसली होती. माऊली नागपूरहून पोचला होता आणि पायाशी मान खाली घालून उभा होता. रतनबाई शहाळं घेऊन आली होती आणि कोपऱ्यात जरा जास्तच गप्प होती. बबनराव जबाब घ्यायला आले होते. करिश्मा दाराबाहेर बाकावर होती. आत या म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपणहून यावं असं तिला वाटत नव्हतं.

पुडीचं काय झालं ते आतिफनं म्हातारीला सांगितलं, आणि पुढचंही समजावलं. गोळी रोज घ्यायची, ठरल्या वेळी. कित्येक महिने, डॉक्टर कमी करतील तशी कमी करत. शरीराला स्वतःचं बनवायची आठवण यायला वेळ लागेल. एक दिवस चुकली तरी पुन्हा इथंच यावं लागेल. "तुमचा जीव त्या गोळीवर आहे, आजी. देणारं माणूस भरवशाचं हवं."

नर्सनं गोळी पुढं केली. अनसाबाईनं तोंड मिटून घेतलं. नर्सनं परत पुढं केली, म्हातारीनं परत मान फिरवली.

"आये, घे की," माऊली म्हणाला.

अनसाबाईनं रतनबाईकडे पाहिलं, फौजदारांकडे पाहिलं. आवाज खोल गेलेला होता, पण खोलीभर ऐकू गेला.

"करिश्माला बोलवा. माझं औषध तीच देती."

करिश्मा दारात आली. पदरानं हात पुसले, नर्सच्या हातातली गोळी घेतली आणि तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं.